ओटीपीरावांस अनावृत पत्र

रा. रा. ओटीपीराव यांस, सा. न. वि. वि.

आपले आयुष्य जेमतेम दहा मिनिटांचे, देह सहा आकड्यांचा आणि ब्रीद एकच: ‘कोणालाही सांगू नका.’ जिंतूर, सेलू, गंगाखेड, पालम, परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सेवा केंद्राबाहेर उभे राहावे, आपला जयघोष कानी पडतो. आतला पोरगा म्हणतो, ‘मावशी, ओटीपी सांगा.’ मावशींना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्या मोबाइलच पुढे करतात. पोरगा आकडे मोठ्याने वाचतो आणि मागची सगळी रांग ते ऐकते. फोडल्याशिवाय सरकारी काम होत नाही असे गुपित आपल्याखेरीज दुसरे नसावे. शहरातले शहाणे यावर ‘खेड्यातली माणसे भोळी’ असा निकाल देऊन मोकळे होतात. तो निकाल चुकीचा आहे, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच. भोळेपणाने दिलेला ओटीपी वेगळा आणि दुसरा रस्ताच ठेवला नाही म्हणून दिलेला वेगळा. या दुसऱ्याचा जाब सांगायला लावणाऱ्याला विचारायला हवा.

लाडकी बहीण योजनाच घ्या. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बहिणीच्या आधारचा ओटीपी पुरेना. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही हवा झाला. नवरा ऊसतोडीला गेला असेल तर त्याने फडातून फोनवर आकडे सांगायचे, बायकोने ते केंद्रचालकाला सांगायचे, आणि हे सारे आपले दहा मिनिटांचे प्राण जाण्याच्या आत. ज्यांना नवराही नाही आणि वडीलही नाहीत त्यांनी काय करायचे, हे शासनाला नंतर सुचले आणि मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. पीकविम्याला शेतकरी ओळख क्रमांक, त्या क्रमांकाला आधार, आधारला पुन्हा आपण. अर्ज मंजूर झाला तर बनी, नाहीतर परभणी आहेच. आणि मोबाइल हातात गेला की एकटे आपण जात नाही. बँकेतली शिल्लक, दवाखान्याची तारीख, भावकीतल्या भांडणाचे निरोप, सगळे त्या काउंटरवर उघडे पडते.

सावध कसे राहायचे, हे सांगणाऱ्यांचेही एकमत नाही. 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढले की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतले गेले आणि नागरिकांनी नेहमीची खबरदारी घ्यावी, एवढाच उपदेश उरला. नेहमीची म्हणजे कोणती, हे परभणीच्या स्टेशन रोडवरच्या झेरॉक्सवाल्याला विचारावे काय?

या सक्तीच्या विश्वासाची किंमत आमच्या जिल्ह्याला ठाऊक आहे. गंगाखेडच्या साखर कारखान्याच्या प्रकरणात 2017 साली गुन्हा दाखल झाला. आरोप असा, की ऊसतोडणी आणि वाहतुकीच्या नावाखाली शेतकऱ्यांची कागदपत्रे वापरून त्यांच्या नकळत बँकांकडून कर्जे उचलली गेली. डिसेंबर 2020 मध्ये ईडीने या प्रकरणात 255 कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. आरोपांचे खरेखोटे न्यायालय ठरवील. पण कागद एकदा दुसऱ्याच्या फायलीत गेला की तो कुठे कुठे फिरतो हे मालकाला कळायची सोय नसते, एवढे त्यातून दिसलेच. पुढे 2023 च्या खरिपापासून 1 रुपयात पीकविमा आला. केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून 40 रुपये मिळत. बोगस अर्जांचे असे पीक आले की 2025 च्या खरिपाला ती सवलत शासनाने गुंडाळली. बोगस अर्ज करणारे वेगळे, 1 रुपयाची सवलत गमावणारे वेगळे.

यावर कोणी म्हणेल, विश्वास ही तर आमची संस्कृती. गंगाखेड, सोनपेठकडची जोडपी कोयता घेऊन कारखान्यावर निघतात तेव्हा घराची किल्ली शेजारी ठेवूनच जातात. खरे आहे. पण त्या किल्लीचा व्यवहार पाहा. शेजारी पिढ्यान्‌पिढ्यांचा ओळखीचा, त्याचे घर समोर, घरात कोण गेले ते गल्लीला दिसते आणि हंगाम संपून पट्टा पडला की किल्ली परत हातात येते. आपल्या व्यवहारात यातले काहीच नाही. एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कोणत्या कामाला वापरली, हे सांगायला गल्ली नाही. शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा, तिथे 2011 मध्ये युको बँकेने कुलूप नसलेली शाखा काढली. त्याच देवस्थानच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून भाविकांना लुबाडल्याचे प्रकरण 2025 मध्ये विधानसभेत गाजले. अ‍ॅपला उंबरठा नसतो, हे शनिदेवालाही नवीनच असावे.

दुसरा आक्षेप कायदेपंडितांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, 2023 मध्ये विदा संरक्षणाचा कायदा झाला, 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आली. मग ओरड कशाची? ओरड अशी, की नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि मुख्य बंधने लागू व्हायला पुढे आणखी 18 महिन्यांची मुदत दिली गेली. तोवर स्वतःचा आधार कुठे वापरला गेला याची सहा महिन्यांपर्यंतची नोंद प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते, हेही मान्य. पण ती पाहायला लॉगिन लागते आणि लॉगिनला, ओटीपीराव, आपणच लागता. म्हणजे मावशींना स्वतःचा आधार कोणी वापरला का हे तपासायचे असेल तर त्यांनी पुन्हा त्याच काउंटरवर जायचे!

केंद्रचालकांवर आमचा राग नाही. बहुतेक जण प्रामाणिक आहेत आणि सर्व्हर डाऊन असल्याच्या शिव्या शासनाच्या वतीने तेच खातात. मागणी साधी आहे. विजेच्या बिलाची पावती मिळते, तशी संमतीचीही मिळावी: कोणत्या कामासाठी, कोणत्या खात्याकडे, कोणत्या तारखेला, मराठीत, मोठ्या अक्षरात, केंद्राच्या क्रमांकासह छापलेली. पुढे काही बिघडले तर मावशींच्या हातात दाखवायला कागद असेल आणि प्रामाणिक चालकालाही आपली बाजू मांडता येईल. जिल्हाधिकारी कार्यालयाने हे एका परिपत्रकाने सुरू करावे, आणि ते निघेपर्यंत प्रत्येकाने केंद्रावर पावती मागावी. छापील नसेल तर चालकाकडून हाताने लिहून घ्यावी.

कळावे,
आपला,
एक आधारधारक, परभणी