टेकू

डेलियाच्या वाफ्यात गेलं की मला हाडांच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटायचं. प्रत्येक रोपाला कामटी, कामटीला सुतळी. वर फूल ताटलीएवढं आणि खाली देठ पोकळ! डिसेंबरात एका रात्री अवकाळी सर आली आणि सकाळी सगळे पेशंट आडवे, काही तर कामटीसकट. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "फुलं सुरेख आहेत हो. मान वाकडी करून बघितलं की झालं."

त्याच वाफ्याच्या टोकाला, मोरीचं पाणी जातं तिथे, कर्दळ ताठ उभी होती. ती कुणी लावली, कुणाला आठवत नाही. आमच्याकडे तिला फुलझाडांत धरतच नसत. आलं, हळद, सोनटक्का, केळ हे सगळं तिचं गणगोत. त्यातली केळसुद्धा घड धरला की टेकू मागते, हिने कधी मागितला नाही. जमिनीखाली गड्डे एकमेकांना धरून बसलेले आणि वर खोडाभोवती पानांची घट्ट गुंडाळी, कासोटा मारल्यासारखी. शास्त्रीय नावात 'इंडिका' असली तरी ती मूळची अमेरिका खंडातली. डेलियाही तिकडचाच, मेक्सिकोचा. म्हणजे माहेराला बोल लावायचीही सोय नाही.

दोष निघाला माझाच. आंब्याच्या सावलीत वाफा, वर मूठ-मूठ युरिया. रोपं उन्हाच्या शोधात लांबत गेली, अंगात बळ नाही. त्यात बालपणापासून काठीला जखडलेली, वाऱ्यावर डुलायचीही चोरी. 1973 मध्ये जॅफे नावाच्या शास्त्रज्ञाने रोपांची खोडं रोज थोडा वेळ बोटांनी चोळून पाहिली, तर ती बुटकी राहिली. वाऱ्याने हललेली झाडंही अशीच बुटकी नि दणकट होतात. हे वाचून मीही रोज सकाळी त्याच वाफ्यातल्या शेवंतीच्या रोपांना मालीश सुरू केलं. चौथ्या दिवशी बायकोने पाहिलं. "माझे गुडघे महिनाभर दुखतायत," एवढंच म्हणाली. तो प्रयोग तिथेच संपला.

मग शेवंती उन्हात हलवली, युरिया बंद केला, पावसाळ्यात दोनदा शेंडे खुडले. शेंडा खुडताना जीव तुटतो, पण रोप बाजूंनी फुटतं आणि गच्च होतं. डेलिया मात्र कुंडीतले ठेंगणेच आणले.

रिकाम्या कामट्या माळ्यावर गेल्या. दिवाळीत नातवाने त्या काढून आकाशकंदील केला. तो जरा कलतो, म्हणून त्याची दोरी खाली कर्दळीला बांधली आहे.