परवडणारा चाकू

मला कांदा कापायचा होता. यापलीकडे माझी काही महत्त्वाकांक्षा नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण पुढे ज्यांनी ज्यांनी मला सल्ला दिला, त्यांतल्या एकाचाही यावर विश्वास बसला नाही.

गेल्या पावसाळ्यात राजमाचीला आमच्या घडीच्या चाकूने ऐन खिचडीच्या वेळी दगा दिला. बिजागरीत माती शिरलेली, खटका नीट बसेना, आणि पातं कांदा सोडून माझ्या तर्जनीवर मिटलं. बोटाला पट्टी बांधता बांधता ग्रुपमधल्या जाणत्यांनी निकाल दिला : डोंगरात घडीचा चाकू न्यायचाच नसतो. फिक्स्ड ब्लेड घ्यायचा. बिजागरी नाही, खटका नाही, मिटायचा प्रश्न नाही. मला पटलं. बजेट विचारलं, मी पाचशे म्हणालो. त्यावर सगळे माझ्या बोटाकडे बघत होते त्याहून जास्त काळजीने माझ्याकडे बघू लागले.

"फुल टँग बघून घे," एक जण म्हणाला. म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेलं हवं. का, तर लाकूड फोडताना मूठ तुटू नये म्हणून. चाकूने लाकूड फोडतात हे मला नवीन होतं. पातं ओंडक्यावर टेकवायचं आणि वरून दुसऱ्या दांडक्याने हाणायचं, याला बॅटनिंग म्हणतात. मी नम्रपणे सांगितलं की आपण पुढच्या महिन्यात हरिश्चंद्रगडाला जातोय, तो अभयारण्यात येतो, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे काटकी तोडायचीही मुभा नाही. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तरी असावी."

दुसऱ्याने जाडी काढली. पाच मिलिमीटरच्या खाली पातं म्हणजे खेळणं. त्याने स्वतःचा आणून दाखवलाही. मी त्याने कांदा कापून पाहिला. म्हणजे कापला गेला नाहीच. पातं पाचरीसारखं आत शिरलं आणि कांदा 'फाट' करून फुटला, अर्धा पातेल्यात आणि अर्धा सोफ्याखाली. "कांद्यासाठी नाहीये तो," तो दुखावल्या सुरात म्हणाला. मग कशासाठी आहे, हे विचारायचं राहून गेलं. सह्याद्रीत अस्वलाशी गाठ पडलेला माझ्या ओळखीत कोणी नाही. माकडं भेटतात, पण ती चाकूला घाबरत नाहीत, आणि ब्रेडचा पुडा नेऊन झाल्यावर तो प्रश्नही उरत नाही.

या गोंधळात मी साडेतीनशे रुपयांचा एक चाकू मागवून बसलो. 1982च्या 'फर्स्ट ब्लड' या सिनेमापासून हा प्रकार जगभर पसरला आहे : पोकळ मूठ, मुठीत काड्यापेटी आणि मासे पकडायचा गळ, टोपणात होकायंत्र, पात्याच्या पाठीवर करवतीचे दाते. माझ्या चाकूतलं होकायंत्र उत्तर दाखवत होतं, पण प्रत्येक वेळी वेगळी. करवतीने पाव कापला जाई, एवढं मात्र खरं. मूठ पोकळ असल्यामुळे पातं तिच्या तोंडाशी एका नटाच्या भरवशावर उभं होतं. पहिल्याच लाल भोपळ्यात पातं आत राहिलं आणि मूठ माझ्या हातात आली. गळाची दोरी मात्र शाबूत होती.

मग पोलाद. इथे सल्लागारांचे दोन पंथ आहेत आणि एका ताटात जेवत नाहीत. कार्बन स्टीलवाले म्हणतात, धार दगडावर झटक्यात लागते. हे खरं आहे. पण लिंबू कापलं की पातं काळं पडतं, आणि जुलैत सह्याद्रीत दोन दिवस पुसायचं विसरलात तर गंज चढतो. त्यावर उपाय, रोज तेलाचा हात फिरवावा. एवढी निगा मी स्वतःच्या केसांची राखली असती तर आज वेगळा दिसलो असतो. स्टेनलेसवाले म्हणतात, गंजत नाही. मग धार? "कष्टाने लागते," असं म्हणून ते विषय बदलतात.

लांबीचा निकाल सरकारने आधीच लावून ठेवला आहे. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं हत्यारांत मोडतं. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. म्हणजे सरकारलाही कांदा माहीत आहे, फक्त ट्रेकर मंडळींना नाही.

शेवटी मी स्वीडनमधल्या मोरा गावच्या नावाचा एक साधा चाकू घेतला. चार इंचांचं स्टेनलेस पातं, जाडी अडीच मिलिमीटर, प्लास्टिकचं म्यान. टँग फुल नाही, हे मी ग्रुपमध्ये अजून कोणाला सांगितलेलं नाही. कांदा मात्र कागदासारखा पातळ कापतो. किंमत एकोणीसशे.

ही किंमत मी एकदाच खरी उच्चारली, दुकानात. ग्रुपमध्ये तीन हजार सांगितली, नाहीतर त्यांनी हातात घेतला नसता. घरी बायकोला नऊशे सांगितले. तिने ओट्यावरची चाळीस रुपयांची सुरी उचलून माझ्यासमोर धरली आणि काहीच बोलली नाही. आईला चारशे सांगितले. ती म्हणाली, "एवढ्यात दोन विळ्या आल्या असत्या."

निघायच्या दिवशी आठवलं की मेट्रोत धारदार वस्तू नेता येत नाही. तरी तपासणीवाल्या भाऊंना विचारून पाहिलं. "कशासाठी लागतो?" कांद्यासाठी, मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती आता माझ्या ओळखीची झाली आहे. रिक्षाला दोनशे चाळीस रुपये झाले. ते मी किमतीत धरलेले नाहीत.

पाचनईत गडाच्या पायथ्याशी ज्यांच्या घरी जेवायला थांबलो, त्या मामांच्या कमरेला कोयता होता. ट्रकच्या कमानपाट्याचा, लोहाराने पाणी दिलेला. मी संधी साधून म्यानातून चाकू काढला आणि म्हटलं, मामा, द्या कांदा, मी कापतो. त्यांनी चाकू हातात घेतला, अंगठ्यावर आडवी धार पाहिली, मूठ दाबून पाहिली.

"कितीला पडला?"

"दोनशे."

"दोनशे?" त्यांनी चाकू हळूच परत माझ्या हातात दिला. "फसिवलं की हो पाव्हणं तुम्हाला."

मग त्यांनी कांदा जमिनीवर ठेवला, वर एक बुक्की मारली आणि फुटलेला कांदा पिठलं-भाकरीशेजारी माझ्या ताटात टाकला. पाच मिलिमीटरच्या पात्याने फुटला होता तसाच फुटला होता. पण हा गोड लागला, आणि सोफ्याखाली काही गेलं नाही.

मी चाकू पुसून म्यानात घातला. हिशेब केला तर मूळ बजेट पाचशे होतं, आणि किंमत आता दोनशेवर आली आहे. गडावरून उतरेपर्यंत कोणी विचारलं, तर तो मला भेट मिळालेला असेल.