मालवण, चेक-आउटच्या आत

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. पर्यटक मात्र अजून जाहीर व्हायचा आहे. सध्या येतो तो उरकायला. शनिवारी देवबागात उतरायचं आणि रविवारी चेक-आउटच्या आत मालवण हातावेगळं करायचं. किल्ला, डॉल्फिन, स्कूबा, संगम, सुरमई. यातलं एक जरी राहिलं तरी पैसे बुडाले.

सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम कुरटे बेटावर १६६४ साली सुरू झालं. पायात शिसं ओतलं, दरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवला की समुद्रातून शत्रूला दिसू नये. होडीवाल्यानं दिलेल्या तासातला अर्धा तास आपला माणूस याच दरवाजात उभा असतो, कारण तिथं फोटोला उजेड बरा येतो. मग शिवराजेश्वराच्या देवळात डोकावून, मूर्तीला दाढी का नाही, हे तो गाइडलाच समजावून सांगतो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या भर समुद्रातल्या गोड्या विहिरी राहूनच जातात. पाण्याची बाटली असतेच की हातात.

ऐन जुलैत ताजी सुरमई मागणारे तर थोरच. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. खानावळीतल्या काकी सांगतात, "सुरमय गावत नाय ओ हल्ली. कुळदाची पिठी आसा, वाढू?" पिठी दोनदा मागून खाल्ली जाते आणि मोबाइलवर शेरा पडतो: मेन्यू मर्यादित.

पण खरी कमाल संस्कृतीची. दशावताराचा खेळ जत्रेत पालखी फिरून झाल्यावर उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद नट जागच्या जागी रचतो. बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि अशी करतात की म्हातारी माणसं डोळे पुसतात. रिसॉर्टवर हा सगळा ऐवज साडेआठ ते नऊ, तंदूरच्या शेजारी. गणपती येतो, संकासुर नाचतो, तोवर स्टार्टर संपतात. देवाला दैत्य मारायचीही उसंत नाही, कारण नऊ वाजता डीजे. दैत्य जिवंतच राहतो आणि पाहुण्यांसोबत फोटो काढतो.

तेव्हा मंडळी, दशावतार पाहायचा असेल तर रिसॉर्टच्या काउंटरवर विचारू नका. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. चहाच्या टपरीवर तारीख विचारा, बसायला चटई न्या आणि दुसऱ्या दिवशीची डॉल्फिनची फेरी रद्द करा.