म्हाताऱ्या लीफला नवा कंठ

न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या, विजेवर चालणाऱ्या निसान लीफ गाड्या पुष्कळ. गाडी बिचारी मुकाट चालते, पण स्टिरिओ जपानीच बोलतो. शिवाय त्याचा एफएम ९० मेगाहर्ट्झच्या आसपासच धाप टाकतो आणि तिथली स्टेशनं पार १०८ पर्यंत. मग मालक नव्या मॉडेलचा, पण कंपनीचाच, स्टिरिओ पैदा करतो. डॅशबोर्ड उचकटतो, दोन क्लिपा तोडतो, मागचा प्लग बसेना म्हणून वायरी कापून जोडतो. पडदा उजळतो आणि चोरीविरोधी कोड मागतो! (मागणारच. आपण इथे कसे आलो, हे त्याला तरी कुठे ठाऊक?) अखेर गाणी झकास लागतात. बॅटरी मात्र तीच, २४ किलोवॅट-तासांची, त्यातलीही बरीचशी झिजलेली. गाणं रंगात येईतो चार्जर शोधावा लागतो.