धाकट्याचा पंचनामा

बायोवेअरचा ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा गेम नोव्हेंबर २००९मध्ये आला आणि मार्च २०११मध्ये त्याच्या पाठीवर दुसरा भाग. दोघांत जेमतेम सोळा महिन्यांचं अंतर. घाई दिसत होतीच. दुसऱ्या भागातल्या कर्कवॉल शहराभोवती गुहा म्हणून जी काही आहे, ती एकच. दार कधी इकडून उघडतं, कधी तिकडून. आत तोच खडक, तेच वळण. दरोडेखोर बदलतात, पत्ता बदलत नाही. कथेत वर्षांमागून वर्षं सरतात, पण शहरात एक वीटही हलत नाही. (आमच्या नगरपालिकेला हे फार परिचयाचं वाटेल.) शत्रू संपले म्हणावं, तर दुसरी तुकडी थेट आभाळातून टपकते.

इथवर तक्रार रास्त. पण रसिकांनी पहिल्या भागातला मुका नायक गेला याचंही सुतक पाळलं! नवा नायक हॉक स्वतःच्या आवाजात बोलतो, टोमणे मारतो, हाच त्याचा गुन्हा. शिवाय त्याची हकिगत सांगणारा सोबती व्हॅरिक चौकशीच्या खुर्चीत बसूनही थापा मारतो. त्याला एकच गुहा आठवत असेल, असं मानायला माझी हरकत नाही.

मग २०१४मध्ये तिसरा भाग ‘इन्क्विझिशन’ आला. अफाट मैदानं, वेचायला ढीगभर पाला. तो खुडताना बऱ्याच टीकाकारांना अचानक कर्कवॉलची आठवण येऊ लागली.

माझा निकाल विचाराल तर : सोबती धाकट्याचे घ्या, गुहा थोरल्याच्या.