शास्त्री नदीची कोटी कशी काढावी : संगमेश्वरात नव्याने आलेल्यांसाठी

सर्वप्रथम पावसाळा निवडावा. मे महिन्यात शास्त्रीची कोटी काढून कुणी नाव कमावलेलं नाही.

आलेखाचा कागद घ्या. आडव्या क्ष-अक्षावर तास मांडा, उभ्या य-अक्षावर पाण्याची पातळी. आता एक बिंदू द्या. तो य-अक्षापासून जितका बाजूला, तितका त्याचा भुज; क्ष-अक्षापासून जितका वर किंवा खाली, तितकी त्याची कोटी. भुज आधी लिहायचा, कोटी मागाहून. (४, ८) म्हणजे चौथ्या तासाला आठ मीटर. हेच उलट वाचलंत तर आठव्या तासाला चार मीटर होतात, आणि बाजारपेठेत पाणी शिरत असताना तुम्ही निवांत चहा फुंकत बसता.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, भुज आणि कोटी या काटकोन त्रिकोणाच्या बाजू होत्या. देकार्तची भूमिती आली १६३७ मध्ये. परीक्षेत हे विचारत नाहीत, पण टपरीवर भाव खायला बरं पडतं.

आता खरी गोम. कोटी सांगणाऱ्याला आधी विचारा, शून्य कुठे धरलंय? जिल्ह्याच्या पूर-तक्त्यात जगबुडीची धोका पातळी ७ मीटर, शास्त्रीची ७.८०, तर काजळीची १८. नवखा माणूस काजळी १५ वर बघून पुण्याच्या मेहुण्याला फोन लावतो आणि आठवर गेलेल्या शास्त्रीकडे पाठ करून झोपतो. प्रत्येक नदीचं शून्य आपापल्या ठिकाणचं. रेल्वे स्थानकाच्या पाटीवरची उंची समुद्रसपाटीपासूनची, ती यात मिसळू नये.

दुकानदार मीटरच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांचा य-अक्ष म्हणजे दुकानाच्या पायऱ्या. पहिल्या पायरीला पाणी लागलं की गल्ला आवरतात, दुसरीला साखरेची पोती माळ्यावर चढू लागतात. या मोजमापाला दशांश चिन्ह नाही, पण चूकही फारशी होत नाही. त्यातून खाडीला भरतीची वेळ असेल तर पाणी ओसरायचं नाव घेत नाही, आणि आलेख बराच वेळ वरच आडवा राहतो. नवशिक्याला तिथे पेन्सिल अडकल्यासारखं वाटतं.

दुसरी पायरी बुडाली की कागदाची घडी करून खिशात घाला आणि पोत्याचं दुसरं टोक धरा.