सकारात्मक चर्चेचे लाभार्थी

विद्यापीठातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्याला एक सोय आहे, जी कुलगुरूंनाही नाही. स्वतःच्या तक्रारीचं निवेदन तो स्वतःच टंकतो, आवक विभागात स्वतःच स्वीकारतो, शिक्का मारतो, नस्तीला टाचतो आणि आठ दिवसांनी 'आपले निवेदन विचाराधीन आहे' हे पत्र स्वतःच्याच नावे स्वतःच जावक करतो. एवढी पारदर्शकता दुसऱ्या कुठल्या कार्यालयात सापडायची नाही.

मग संघटनेचं शिष्टमंडळ मुंबईला मंत्रालयात जातं. पुष्पगुच्छ, फोटो, चहा. चर्चा 'सकारात्मक' होते. नकारात्मक चर्चा मंत्रालयात झाल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही. परतीच्या गाडीत प्रतिनिधी एकमेकांना विचारतात, नेमकं मिळालं काय?

१०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती, म्हणजे बढती नसली तरी वरची वेतनश्रेणी, मिळावी, ही जुनी मागणी होती. प्रगती राहिली बाजूला, आश्वासनं मात्र नियमित मिळाली. सातव्या वेतन आयोगाची ५८ महिन्यांची थकबाकीही मागण्यांच्या यादीत होती. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची तर जुनी निवृत्तिवेतन योजनाच गेली. निवृत्तीनंतर काय खायचं, हे शेअर बाजाराला विचारायची वेळ त्यांच्यावर आली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये याच मागण्यांसाठी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, पुढे संपही केला. परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. तेव्हा कुठे वरिष्ठांना शोध लागला, की प्रश्नपत्रिका आपल्या पायांनी परीक्षा केंद्रावर चालत जात नाहीत!